ओढ्यातला दगड

२२ एप्रिल, सकाळ
पाणी तपासणी प्रयोगशाळा

प्रिय इरिसबेक,

तू आणि जिपार बरे असाल. इथे बर्फ वितळलं, रस्ते चिखलाचे झालेत, माझा गुडघा दुखतो. तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र मिनीबसवाल्या कुबातकडे देते आहे. उत्तर हातात पडेपर्यंत त्याला तुझ्या दारात थांबायला सांगितलं आहे.

जिपारला पाचवा महिना लागला ना? तुमच्या बाळासाठी ऐक. ओढ्याचं पाणी तिला आजपासून देऊ नकोस. उकळूनही नको, चहालाही नको. कारण सांगते, आधी एवढं कर.

तुमच्या गावातली तीन तारखेची पाण्याची सभा तुला आठवत असेलच. तू ओढ्यातून ओला दगड कोटात घालून आणलास आणि माझ्या टेबलावर उलटा ठेवलास. थोरल्या बहिणीला म्हणालास, "एजे, वडील पाणी पिण्याआधी दगड उलटून बघायचे. खाली वाकडे किडे वळवळले की प्यायचे. वर खाणीच्या गाळाचं धरण झाल्यापासून एक किडा दिसत नाही."

आणि मी काय म्हणाले? "मंडळी, माझा भाऊ पाहुण्यांना दगड वाढतो!" सभागृह हसून कोसळलं. म्हातारे असान आजोबा ओरडले, "मीठ तरी टाक रे त्यावर!" तू मान खाली घातलीस. मला ते दिसलं, आणि तरी मी आणखी बोलले. दहा बरण्या, दहा पाणपिसवा, मोहरीहून बारीक जीव, तुमच्या ओढ्याच्या पाण्यात अठ्ठेचाळीस तास ठेवले, एकही मेला नाही. शास्त्र म्हणतं पाणी चांगलं आहे, आणि तुम्ही दगडाचं ऐकता? मग वाडगं भरून मी ते पाणी सगळ्यांसमोर प्यायले. जिपार उठली. "एजे पितात तर मलाही द्या." मी माझ्या हाताने दिलं.

बरण्या मी रिकाम्या केल्या नाहीत. तुझं तोंड कायमचं बंद करायचं होतं मला. दोन दिवसांची चाचणी कमी पडली असेल, तर एकवीस दिवसांची दाखवू, असं ठरवलं. रोज खायला घातलं, तुमच्याच ओढ्याचं पाणी बदलत राहिले.

या पिसवांची पाठ काचेसारखी असते, इरिसबेक. पाठीवरच्या पिशवीत अंडी भरली की भिंगातून मोजता येतात. तुलनेसाठी स्वच्छ झऱ्याच्या पाण्यात ठेवलेल्या पिसवा नवव्या दिवशी व्याल्या, बरणी पिल्लांनी गजबजली. तुमच्या पाण्यातल्या पोहत होत्या, खात होत्या, जिवंत होत्या. पिशव्या रिकाम्या. आज एकविसावा दिवस, अजून रिकाम्याच आहेत.

पिसूवरून माणसाचा अंदाज बांधू नये, हे मीच पोरांना शिकवते. म्हणून त्याच पाण्यातले धातू मोजायला पाठवले. काल अहवाल आला. शिसं आणि कॅडमियम, दोन्ही मर्यादेच्या कितीतरी वर.

कालपर्यंत मला काही माहीत नव्हतं, असं तुला वाटू दिलं असतं तर हे पत्र इथे संपवता आलं असतं. दहा तारखेला मी भिंगाला डोळा लावला, तेव्हाच मला कळलं होतं. "अहवाल येईपर्यंत पिऊ नका" एवढं सांगायला अहवाल लागत नाही. बारा दिवस मी गप्प बसले. आयुष्यभर व्यासपीठावरून गप्प बसणाऱ्यांना भित्रे म्हणत आले, आणि ज्या माणसांना मी हसवलं त्यांच्यासमोर चुकले म्हणायची मला लाज वाटली. त्या बारा दिवसांत जिपार किती वाडगी प्यायली, हे तू मला विचारशील. विचार.

जिपारला कुबातच्या याच गाडीने खाली पाठव. माझ्याकडे नको असेल तर तिच्या आईकडे पाठव. इथल्या दवाखान्यात तिचं रक्त तपासायचं बोलून ठेवलं आहे. गाडीत स्वच्छ पाण्याचे चार कॅनही आहेत, ते तुझ्यासाठी.

रविवारी मी त्याच सभागृहात उभी राहणार आहे. वरिष्ठांनी नको म्हटलं आहे. यावेळी हसायचं असेल तर लोकांनी मला हसावं. तुझा दगड तू टेबलावर टाकून गेलास, तो माझ्याकडेच आहे. घेऊन येते.

पुढच्या रांगेत बस. दगड उलटून तूच दाखव. मी तुझ्यानंतर बोलेन.

तुला गप्प करणारी, तुझी थोरली बहीण
ऊलकान