‘हूलिगन’ या शब्दाचा अर्थ ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. उपनिबंधक,
सहकारी संस्था,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : सौ. कडूबाई बन्सी दाभाडे, निवृत्त आरोग्यसेविका, शारदाविहार गृहनिर्माण संस्था, तिसरा मजला, हर्सूल. (अर्ज लिहिणार : कन्या मेघा)

विषय : ‘हूलिगन’ ठरवून सभासदत्व रद्द करण्याच्या ठरावास मंजुरी न देणेबाबत.

संदर्भ : संस्थेच्या फलकावरील अध्यक्षांची इंग्रजी नोटीस.

महोदय,

१. अर्जदार कडूबाईंची सगळी नोकरी सोयगाव तालुक्यात लशीचा डबा खांद्याला अडकवून गेली. औषधाच्या बाटलीवरचे इंग्रजी त्यांना वाचता येते. माणसावर चिकटवायचे इंग्रजी आजवर लागले नव्हते. ती उणीव संस्थेचे अध्यक्ष श्री. सदाशिव कन्नडकर यांनी भरून काढली. त्यांनी कडूबाईंना ‘हूलिगन’ जाहीर केले असून, असली व्यक्ती सभासद राहू शकत नाही, असा ठराव आपल्याकडे मंजुरीस पाठवला आहे. त्यामागे काय घडले हे आपणास ठाऊक असावे, म्हणून हा अर्ज.

२. अर्जदाराचे पती बन्सी एसटीत चालक होते. आता त्यांच्या किडन्या निकामी असून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते. इमारतीला लिफ्ट आहे व ती चालते. मात्र उन्हाळ्यात अध्यक्षांच्या असे लक्षात आले की, लिफ्ट असली की लोक ती वापरतात. हा प्रकार त्यांना बेशिस्तीचा वाटला. त्यांनी लिफ्टच्या जाळीला कुलूप घातले, किल्ली खिशात ठेवली आणि लेखी विनंती केल्यास ती मिळेल असे कळवले. कडूबाई प्रत्येक वेळी विनंती लिहीत राहिल्या. एकदा ‘भाषेत अदब कमी’ म्हणून कागद परत आला. त्यांनी आणखी एक ‘कृपया’ घालून तो पुन्हा दिला. एवढे केल्यावर अध्यक्षसाहेबांचे समाधान झाले. माणसाचे समाधान इतक्या थोडक्यात होते, हे आम्हांस नवीन होते.

३. घटनेच्या दिवशी अध्यक्ष फर्दापूरला लग्नाला गेले होते आणि किल्लीही त्यांच्यासोबत लग्नाला गेली होती. बन्सींचे पाय सुजलेले, दम लागलेला, खाली रिक्षा उभी. मेघाने फोन लावला. पलीकडे सनई वाजत होती.

“संध्याकाळी येतोच आहे. तोवर बसवून ठेवा त्यांना,” अध्यक्ष म्हणाले. वडिलांना श्वास घेता येत नाही असे मेघाने सांगितले. “मग हळूहळू जिना उतरा,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बन्सी थोड्या पायऱ्या उतरले आणि मटकन बसले. “मला नाय जमत, कडू.” आख्ख्या संसारात कडूबाईंनी त्यांच्या तोंडून हे ऐकले नव्हते. त्या घरात गेल्या, वरवंटा घेऊन बाहेर आल्या आणि कुलूप फोडले. आवाजाने शेजारचे शंतनू दारात आले. “मावशी, पोलीस केस होईल हं!”

“व्हऊ दे. आधी ह्यांना धर.”

त्यांनी धरले. बन्सी दवाखान्यात वेळेवर पोचले. छातीत पाणी भरत होते, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले.

४. दुसऱ्याच दिवशी नोटीस लागली. “हूलिगन म्हंजी काय गं?” कडूबाईंनी लेकीला विचारले. मेघाने शब्दकोश पाहून सांगितले : टोळीने हिंडून दंगा, मोडतोड करणारा दांडगट तरुण.

“तरुण? वय तरी कमी केलं बाबानं,” म्हणून त्या हसल्या. मग त्या दिवशी जेवल्या नाहीत.

अध्यक्षांचे मराठी उत्तम आहे. गणेशोत्सवात ते ऐकावेच लागते. तरी ऐन वेळी त्यांना इंग्रजी का सुचावे? मराठीत ‘गुंड’ लिहिले असते तर पुरावा मागितला गेला असता. आणि दाभाडे कुटुंब राहायला आले त्या दिवसापासून अध्यक्षांच्या जिभेवर जो शब्द आहे, तो फलकावर लिहायला छाती लागते. ॲट्रॉसिटीचा कायदा त्यांना पाठ आहे. म्हणून शिवीला इस्त्री करून घेतली.

५. लिफ्टला नवे, जाडजूड कुलूप लागले. सर्वसाधारण सभेत कडूबाई बोलायला उभ्या राहिल्या, तर अध्यक्ष म्हणाले, “हूलिगन लोकांचं आम्ही ऐकत नसतो.” सभासद माना खाली घालून चिवडा खात राहिले.

“नका ऐकू,” कडूबाई म्हणाल्या. “मला काढून टाका. पन लिफ्टचं कुलूप काढा.”

अध्यक्षांनी ठराव मंजूर झाल्याचे सांगून पुढचा विषय घेतला.

६. त्यानंतरच्या रविवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या दमयंतीबाई कठडा धरून, मध्ये बसत, वर आल्या. त्या अध्यक्षांच्या पत्नी. गुडघे पार गेलेले. त्यांनी पदराखालून किल्ली काढून कडूबाईंच्या हातात ठेवली.

“हे झोपलेत. खिशातून काढून आणलीय. कुलूप लागल्यापासून मीसुद्धा खाली उतरले नाही. बहिणीकडं जाते म्हटलं, की म्हणतात, कशाला?”

कडूबाईंनी त्यांना पाणी दिले. मग दमयंतीबाईंनी विचारले, “अर्ज लिहिताय म्हणे. माझी सही चालेल?”

त्याच संध्याकाळी त्या किल्लीने कुलूप निघाले. लिफ्ट सुरू आहे. अध्यक्ष तेवढे जिन्याने ये-जा करतात. त्यांच्या तब्येतीला ते चांगले आहे.

७. तरी, सदर ठराव फेटाळावा आणि ‘हूलिगन’ या शब्दाचा अर्थ आपल्या कार्यालयाने लेखी ठरवून द्यावा, ही विनंती. आजारी माणसाला खाली नेणारा, असा तो अर्थ निघत असेल, तर नोटिशीत शंतनू यांचे नाव राहून गेले आहे. खाली सही करणाऱ्या दुसऱ्या बाईंचेही. दोन्ही नावे घालून नोटीस नव्याने लावण्याचा आदेश व्हावा.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेल्या, नम्र,

(सही) कडूबाई बन्सी दाभाडे
(सही) दमयंती सदाशिव कन्नडकर, स्वखुशीने

हर्सूल, दि. १७ जून २०२५

सोबत : १) नोटिशीचे छायाचित्र २) डॉक्टरांचा दाखला