आईनं हत्तीवरून हात फिरवला

रविवार, जानेवारी १९७४

आज आईला डोंगरांमधल्या औंढ्याचं देऊळ दाखवलं. लहानपणी ती आजोबांबरोबर, म्हणजे तिच्या वडलांबरोबर आली, तेव्हा दोघांना आवाराबाहेरच अडवलं होतं. आजोबांनी तिला भिंतीवरचे दगडी हत्ती लांबूनच दाखवले. आज तिनं त्यांच्या सोंडांवरून हात फिरवला. लय वेळ.

मी म्हणालो, "आत जायचं का? आता कोणी अडवत न्हाई."

"तू जा. आपुन बौद्ध. मला देवाचं काम न्हाई. मी हत्तींसाठी आले."

मला तरी आत काय हवं होतं? की नुसतं जाऊन दाखवायचं होतं? गेलो नाही. तिचा हात अजून सोंडेवरच होता.

परतताना एसटीत आई म्हणाली, "उन्हानं दगड कोमट झालता रे. माज्या बापाला हे कधी कळलंच न्हाई."