निळी झाक आणि गावभराचे अंगठे

मु. मोहाडझरी, तालुका गडचिरोली, जिल्हा चांदा
भाऊबीजेचा दुसरा दिवस, सन १९५३

श्रीमान हवालदारसाहेब पत्रूजी यांचे सेवेशी मोहाडझरीहून गुणवंतरावांचा साष्टांग नमस्कार. आपल्या पुण्याईने येथील सर्व मंडळी खुशाल असून आपल्या प्रकृतीचे वर्तमान कळण्यास आम्ही अत्यंत उत्सुक आहोत.

(आजवर मी तुले 'बाल्या'शिवाय हाक मारली नाई, आणि आज एकदम साहेब नि जी काऊन, असा तुले संशय येईल. येऊ दे. तू पलटणीत राह्यलेला माणूस, संशय घेणं तुझं कामच आहे. आणि ही पुस्तकी भाषाही आता इथी बंद करतो. माझ्याजवळ ती नमस्कारापुरतीच आहे, पुढं गेलो की दम लागते.)

तर बाल्या, तब्येत कशी आहे? नागपुरात त्या बँकेच्या दारात दिवसभर बंदूक घेऊन उभं राहून पायाले सूज येते असं तू मागं लिहिलं होतं. मोहाच्या तेलानं चोळत जा. तुझ्या बहिणीचे गुडघे तसेच आहेत, जीभ त्याहून चांगली आहे. धान बरा आहे. कामठीच्या लिलावात घेतलेला तुझा तो भोंगेवाला ग्रामोफोन अजून गाते, की अडगळीत पडला? मागच्या खेपेस मी त्याले 'खोकणारी कढई' म्हटलं होतं. ते मनावर घेऊ नको, त्या दिवशी माझं पोट ठीक नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा म्हणजे आमचं पिस्तूल. म्हणजे आहे रिव्हॉल्व्हर, पण गावात सारे पिस्तूलच म्हणतात, आणि गावासमोर कोणाचं चालते? वडिलांले ते जंगल खात्याच्या एका गोऱ्या साहेबानं विलायतेले जातानी दिलं. त्या लोखंडावर अशी निळी झाक होती, की उन्हात धरलं तर तळ्याच्या पाण्यावर आभाळ उतरावं. वडील सांगून गेले, 'गुणवंता, ही झाक जपजो. माणसाचं बोट लागलं की घाम बसते, घाम बसला की जंग चढते. आणि नळीच्या तोंडात कधी डोकवू नको.' दोन्ही गोष्टी मी आजवर पाळल्या. कशा पाळल्या, ते पुढं येईलच.

तुले ठाव आहे, दोन वर्षांमागं सरकारनं मालगुजारी, म्हणजे आमची गावची मालकी, काढून घेतली. तळे गेले, जंगल गेलं, मोहाची झाडं गेली, आणि जो जाईल असं मले सपनातही वाटलं नव्हतं तो आमच्या गावचा राम-रामही गेला. पहिले मी ओसरीवर नुसता खाकरलो तरी रस्त्यावरच्या बैलबंड्या थांबायच्या. मग अशी वेळ आली, की मी खाकरून खाकरून घसा बसवला, आणि लोकं म्हणत, मालकाले अडुळशाचा काढा द्या. तेव्हा मी युक्ती काढली. रोज सकाळी चहा झाला की ओसरीवर तक्क्याले टेकून पिस्तूल पुसाले बसाचं. नूरुद्दीन शिंप्याजवळून शिलाई मशीनचं तेल आणलं, त्याच्याचजवळून मलमलची चिंधी आणली, आणि माझी बोटं लागू नयेत म्हणून माझ्या लग्नातले रेशमी पायमोजे हातात चढवले. (हसू नको. त्या मोज्यांचा याहून चांगला उपयोग लग्नातही झाला नव्हता.) आणि चमत्कार पाहा बाल्या! रस्त्यानं जाणारा माणूस पिस्तूल पाहते, थबकते, आणि म्हणते, 'राम-राम मालक!' धुणं घेऊन जाणाऱ्या बाया पदर सावरतात. दोन वर्षं त्याच राम-रामावर तुझ्या घरचा जावाई जगून राह्यला आहे, हे तुले म्हणून सांगतो. भाकरीनं नुसतं पोट भरते.

पण राम-राम करणारा माणूस तिथंच थांबत नाई ना! तो ओसरी चढते, टेकते, आणि म्हणते, 'पाहू द्या जरा.' नाई म्हणावं तर राम-राम जाते, हो म्हणावं तर झाक जाते. पटवारी आला, त्याच्या अंगठ्याले तंबाखूचा चुना. गुरुजी आले, त्यांच्या अंगठ्याले खडू. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकातला खलनायक आला (गेल्या साली त्यानं तिसऱ्या अंकात लाकडी पिस्तूल रोखलं आणि त्याची नळीच गळून पडली, तेव्हापासून त्याचा आमच्या पिस्तुलावर डोळा आहे), त्याच्या अंगठ्याले तोंडाचा रंग. आणि वारलू सरपंच! हा वारलू आमची बंडी हाकत होता, तू त्याच्याच बंडीतून वडशाच्या ठेसनावर जात होता. आता सरपंच झाला, खुर्चीत बसते. येते तो भजे खाऊन येते, आणि अख्खा पंजा उठवून जाते. मी मोजे घालून तासभर घासावं, तेव्हा एक अंगठा निघते. बाल्या, नशिबाचा फेर पाहा. पहिले गावभराचे अंगठे माझ्या कागदावर उठत, आता माझ्या पिस्तुलावर उठून राह्यले आहेत!

असं चाललं होतं, तर पोळ्यानंतर गावात बिबट शिरला. झाडू गवळ्याची कालवड नेली, मग गोंडटोल्यातल्या दोन बकऱ्या नेल्या. वारलू साऱ्या गावाले घेऊन ओसरीसमोर उभा झाला. म्हणे, 'मालक, आता पिस्तूल काढा. रोज पुसता, एक दिवस वाजवा.' मी म्हणलो, 'अरे, पाऊस लागून राह्यला आहे. दमट हवेत बाहेर काढलं तर झाक उतरते. आश्विन लागू द्या, हवा कोरडी झाली की पाहू.' तो म्हणे, 'बिबटाले सांगू का, आश्विनात ये म्हणून?' लोकं हसले. हसू दे. शेवटी तेच गेले ढोल नि तेलाचे डबे बडवत, आणि बिबट निघून गेला. त्या गोंगाटात मी आत दार लावून पिस्तुलाले तेल देत होतो, कारण ढोलाच्या हादऱ्यानंही धूळ बसते.

पण वारलूनं ते मनात धरलं. दौऱ्यावर आलेल्या तहसिलीच्या नव्या साहेबाजवळ बोलला, की आमच्या गावात एक हत्यार आहे, पण ते नवरीसारखं घरातच राह्यते. झालं! कोतवाल निरोप घेऊन आला. दसऱ्यानंतर साहेब स्वतः येतील, हत्यार पाहतील, आणि ते जर कामाचं नसलं तर गडचिरोलीच्या ठाण्यात जमा. पिस्तूल जाईल याचं काय, बाल्या? पण ओसरीवर मी काय नुसते पायमोजे घालून बसू?

म्हणून मी ठरवलं, की साहेबाच्या डोळ्यांत झाक भरली पाहिजे, एक बोट दिसता कामा नये. मोठ्या मेहनतीनं सारे अंगठे उतरवले. आणि दसरा आला. दसऱ्याले शस्त्रपूजा, ती टाळता येत नाई. पाटावर तलवार, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि मधात पिस्तूल. मी लाख सांगितलं, की याले दुरूनच हात जोडा. पण तुझी बहीण इंदू! तिनं मुठीवर हळद लावली, गोळ्यांच्या चाकावर कुंकू लावलं, नळीवर अक्षदा चिकटवल्या, आणि नारळ फोडला तो नेमका वरच. पाणी सारं आत! मी 'अगं अगं' करत पुसाले धावलो, तर म्हणे, देवाची मांडलेली पूजा आजच्या रात्री हालवाची नाई. सकाळी पाहतो तर जिथी जिथी कुंकू, तिथी तिथी जंग. मी कपाळाले हात लावून बसलो.

आता यापुढचं बसून वाच. मी बसलो कपाळ धरून, आणि इंदूले आली कीव. ती म्हणली, एवढ्यासाठी रडता काय? पूजा झाली म्हणजे ते देवघरातलं झालं, आणि देवघरातलं कसं घासाचं ते मले शिकवू नका. मी आंघोळीले गेलो, आणि या बाईनं आमचं निळं पिस्तूल, वडिलांचं पिस्तूल, समया नि ताम्हनाच्या संगती चिंच आणि राखेनं घासलं! मी येतो तर तुळशीजवळ उन्हात ते वाळत पडलेलं, नव्या गडव्यासारखं पांढरंशुभ्र. निळी झाक तर चिंचेनं खाल्ली, औषधालेही उरली नाई. मी ते उन्हात उलटंसुलटं करून झाक शोधू लागलो. तर ही म्हणते कशी, 'इतकी वर्षं तुम्ही चोळता, एकदा तरी असं निघालं का?'

आणि गावाची अक्कल ऐक. सारं गाव पाहाले लोटलं. मालकानं पिस्तुलाले चांदी चढवली म्हणून बोंब झाली. त्या दिवशी इतके राम-राम पडले की मान दुखली. मले वाटलं, चला, वाईटातून चांगलं झालं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. कोवळं पोरगं, पण वागणं नेमकं. आमराईत टेबल मांडलं, वारलू बाजूच्या खुर्चीत. मी पिस्तूल रेशमी रुमालातून काढलं, तसे साहेबाचे डोळे दिपले. म्हणाले, 'वा! इतकं स्वच्छ हत्यार या जिल्ह्यात पाहिलं नाही.' बाल्या, त्या क्षणी माझी छाती इतकी फुगली की कोटाचं बटन गेलं. मी वारलूकडं पाहिलं, आणि तिथीच चुकलो. कारण तोवर साहेबानं चाक बाजूले काढून नळी डोळ्याले लावली आणि म्हणाले, 'यातून उजेड का दिसत नाही?' मागितली काडी, घातली नळीत, तर टेबलावर भुरभुर माती पडली. मग मातीचा एक गोळा पडला. मग वाळलेल्या चार-दोन अळ्या. कुंभारीण माशीनं आमच्या नळीत घर केलं होतं, बाल्या! आजचं नाई, जुनं, पक्कं, नारळाच्या पाण्यानंही न विरघळलेलं. मी बाहेरून घासत होतो आणि ती आतून लिंपत होती. वडिलांनी डोकवू नको म्हटलं होतं, म्हणून मी कधी डोकवलो नाई. आज्ञाधारक पोराचं हे असं होते.

साहेब हसले नाईत, हे त्यांचे उपकार. पण वारलू बोलल्याशिवाय राह्यते का? तो म्हणे, 'साहेब, कुंभारीण मोठी हुशार. जिथून कधी काही निघत नाई, तिथीच घर करते.' सारी आमराई हसली. झाडावरचे राघूही उडाले.

साहेबानं शेवटी एवढं ठरवलं, की मंडईच्या वेळेले ते पुन्हा येतील. तेव्हा मी गावासमोर एक गोळी, फक्त एक, मडक्यावर मारून दाखवाची. वाजली तर पिस्तूल माझं, नाई तर ठाण्याचं. मडकं फुटलंच पाहिजे असंही नाई म्हणाले. सज्जन माणूस आहे.

असो. लांबण फार झाली. घरच्या सर्वांले यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद. पायाले तेल चोळत जा.

तुझ्या घरचा जावाई,
गुणवंतराव

ता. क. : लोखंडावर परत निळी झाक चढवणारा कोणी कारागीर नागपुरात, नाई तर कामठीले असल्यास चौकशी करून कळवाजो. सवड असली तरच. घाई नाई.

ता. क. दुसरा : आता खरं लिहितो. बाल्या, गोळी कोणत्या बाजूनं भरतात? वडिलांच्या पेटीत गोळ्या आहेत, पण मी जन्मात एक भरली नाई, आणि वाजवणं तर दूरच. फटाक्यालेही मी कानात बोटं घालतो. तू बँकेतून रजा काढ आणि मंडईच्या आधी ये. लोकांले सांगू, बहिणीले भेटाले आला. गोठ्यामागं दोघंच जाऊ, तू मले शिकव. आणि इंदूले यातलं एक अक्षर कळू देऊ नको.

ता. क. तिसरा, इंदूच्या हातचा : पत्रू, पाकीट चिकटवाले यांनी माझ्याजवळच दिलं. खळ मीच करते, हे यांच्या ध्यानात राह्यत नाई.

तू ये, जरूर ये, पण यांले गोळी भरणं शिकवू नको. सकाळी यांच्या हातात चहाची बशी वाजते, ते मी सैपाकघरातून ऐकते. पिस्तूल ठाण्यात गेलं तर जाऊ दे. माझा जीव तुटते तो त्या राम-रामासाठी. पत्रू, तो पिस्तुलाचा राम-राम नव्हता रे. आपल्या घरी ताकाले येणाऱ्या बाया-माणसांले मीच सांगून ठेवलं आहे, की ओसरीवरून जा, मालकाले राम-राम करा, मग ताक घ्या. वारलूलेही सांगाले गेली, तर तो म्हणाला, 'बाई, ताक नसलं तरी करीन मी. चिडवल्याशिवाय मात्र राहवत नाई.' हे यांले कधी सांगशील तर माझी शपथ आहे.

तर येतानी तुझा ग्रामोफोन आण. लोकं गाणं ऐकाले रोज ओसरीवर येतील, बसतील, यांच्याशी दोन गोष्टी बोलतील. भोंगा पितळेचा आहे, त्याले चिंच चालते, आणि कोणाचाही अंगठा लागला तरी बिघडत नाई. फक्त एक कर. तो घासूनपुसून आणू नको. जसा काळा पडला आहे तसाच आण.