पत्रिकेची मराठी बाजू

३ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर आज अप्पांपुढं ठेवला. कन्नड बाजू घडाघडा वाचली. मराठी बाजूवर अडले! कागद जवळ नेला, लांब नेला. मग भडकलेच. "ह्या काय मुंग्या सोडल्यास गं कागदावर?"

गुलबर्ग्याच्या छापखान्यात जन्मभर मराठी-कन्नड दोन्ही जुळवणारा जुळारी हा माणूस! शिशाच्या अक्षरांचे खिळे वेचून वेचून किती घरांच्या पत्रिका लावल्या. लकव्यातून उठले, चालायलेत, बोलायलेत. अन् मराठीच वाचता येईना. आई म्हणते, चष्मा बदला. चष्मा नव्हे गं बाई!

५ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. एक लिपी राहते, एक जाते. परत येईल? "बघू या." बघू या म्हणे!

महेशकुमारचा फोन. "मराठी तू तपास की. छापायला टाकू." नवरदेव चांगला आहे, पण त्याला कसं सांगू? मी परकरात होते तेव्हापासून अप्पांचं एकच — "पल्लूची पत्रिका मी तपासल्याबिगर मशीनवर चढायची न्हाई." त्यांनी वाचली नाही तर मला ती पत्रिकाच नको. सोमवारपर्यंत थांब म्हटलं.

६ फेब्रुवारी

फॉन्ट काढून पोट भरते ना मी? मग काढते की! दोन्ही लिप्यांची आजी एकच, ब्राह्मी. अप्पांना वाचता येईल असं मधलं काहीतरी निघेलच. शिरोरेषा उडवली, डोक्यावर कन्नडसारखा तुरा दिला, पोटं गोल केली. 'ल' झकास. 'क' म्हणजे जिलेबी झालीय. पण शिशाच्या काळातही मात्रा वेगळी, अक्षर वेगळं, उकार वेगळा असे तुकडे पाडायचेच की लोक. मग मी कामून भ्यावं?

७ फेब्रुवारी

न्हाई जमलं. अप्पा बघत राहिले, बघत राहिले. "हे मराठी बी न्हाई, कन्नड बी न्हाई. मला येड्यात काढायलीस व्हय?" ताट सरकवून उठले. आई माझ्यावरच ओरडली, "कामून छळायलीस त्यांना?"

खोलीत जाऊन रडले. भीती वाटायलीय. माझ्या हट्टापायी त्यांना रोज नापास करायलेय मी.

८ फेब्रुवारी

पुन्हा अक्षरं काढली. तुरा उडवला, रेषा अर्धी ठेवली. अप्पांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. महेशचा फोन उचलला नाही. उद्या काय सांगू?

९ फेब्रुवारी, सोमवार

हरले. साधीच मराठी बटर पेपरवर छापून आणली, स्वतःच तपासायला बसले. अप्पा आले. कागद ओढून घेतला. वरची कड खाली केली, पालथा केला, खिडकीच्या उजेडात धरला; पातळ कागदातून अक्षरं आरपार उलटी दिसायली. जुळाऱ्याच्या हातातल्या पट्टीत खिळे असेच दिसतात — उलटे! जन्मभर मराठी त्यांनी अशीच वाचलेली. सरळ वाचायची आम्ही. अंगठा ओळीवरून सरकायला लागला. ओठ हलायले.

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी... पल्लवी." अंगठा नावावर ठेवला. "पोरीचं नाव एवढं बारीक कामून गं? लगीन कुणाचं हाय? मोठं टाक."