शिडाच्या बोटीला मोटर

कोपरी, ठाणे
७ सप्टेंबर १९५७, सकाळ
जुनी शिडाची बोट विकत घेऊन अंगणात आणली, त्याला वर्ष झालं. अजून पाण्यात नाही, कारण वारा बेभरवशाचा. मागे लावायची मोटर घेणार. दसऱ्याला बायकोला, उत्तराला, बसवून कोलशेतहून खाडीने थेट कल्याण, तिच्या त्र्यंबकदादाकडे सोनं द्यायला. तो मला अजून भाऊजी न म्हणता तिच्याशी बोलताना ‘तुझे हे’ म्हणतो.

तोच दिवस, संध्याकाळ
निवड शांतपणे करणार होतो. पण परवापासून पितृपंधरवडा, खरेदी बंद. म्हणून मुंबईला जाऊन आजच घेतली. सेकंडहँड, पण कंडिशन फर्स्टक्लास. दुकानदाराने विचारलं, दांडा लांब हवा की आखूड. आखूड म्हटलं. पलंगाखाली मावतो.

१५ सप्टेंबर
मोटर मागच्या फळीवर स्क्रूने आवळली. बोटीवरच्या पाण्याच्या जुन्या खुणेपेक्षा पंखा वीतभर वर राहतो. हवेत फिरणार. बघू. टब भरून ट्रायल घेतली. सुरू झाली! टबातलं सगळं पाणी घरमालकीणबाईंच्या, म्हणजे विमलाबाईंच्या, वाळत घातलेल्या लुगड्यांवर.

१६ सप्टेंबर
विमलाबाईंचा निरोप: दसऱ्याला बोट चालली नाही तर बंबात जाईल. उत्तरा म्हणाली, बरोबर आहे त्यांचं.
वाईट वाटलं. ही बोट गेली तर माझ्याकडे फक्त विमा कचेरी उरेल.

२२ सप्टेंबर
उपाय सापडला. मागच्या बाजूला वजन ठेवायचं, म्हणजे बोट मागे दबेल, पंखा बुडेल. स्वयंपाकघरातला पाटा उचलला. उत्तरा म्हणते, चटणी मोटरवर वाटू का. संताप टाळला.

१ ऑक्टोबर
मुहूर्त पक्का. दसऱ्याचा विजयमुहूर्त, दुपारी सव्वादोन. साक्षात पंचांग. उत्तराने विचारलं, तेव्हा पाणी असेल ना. म्हटलं, खाडीत पाणी नाही तर काय ताक असेल?

३ ऑक्टोबर, दसरा, दुपारी पावणेतीन. बोटीत.
सकाळी बैलगाडीने कोलशेतला आलो. बोट उतरवली, मोटरला झेंडूचा हार, नारळ. बरोब्बर सव्वादोनला दोरी ओढली. मोटर एका झटक्यात सुरू! बोट चार हात गेली आणि रुतली. सगळीकडे चिखल. पाणी ओहोटीने गेलेलं. पाट्यामुळे मागची बाजू जास्तच रुतली. उत्तरा जरीचं लुगडं सावरून बसली आहे.

संध्याकाळी साडेपाच. काठावर.
चारला पाटा डोक्यावर घेऊन मी आणि मागून उत्तरा, मांडीभर चिखलातून काठाला आलो. पाय धुवायला विहिरीवर गेलो. बोट बांधायची राहिली.
परत येतो तो भरती लागलेली. बोट उचलली गेली, वळली आणि कल्याणच्या दिशेने निघाली. मी हाका मारल्या. बोटीला. पोहता येत नाही. उत्तरा म्हणाली, दादा घाटावर वाट बघत असेल हो, त्याला मीच कळवलं होतं.
मोटर बंद, शीड गुंडाळलेलं, आत कुणी नाही. वेग उत्तम होता.