मखमली मुठीचा न दिसलेला ठोसा

तीर्थरूप भावोजींस,

मेहुण्याचा (तुमच्या भाषेत 'त्या उपटसुंभाचा') साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? ताईचा खोकला? दुकानातलं कापूस पिंजायचं यंत्र अजून मधेच रुसतं का? इकडे माझी आणि बारक्याची प्रकृती ठणठणीत आहे. बुलडोझरची मात्र अजून म्हणावी तशी नाही. तो कोण, हे पुढे येईलच. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुम्ही गेली कित्येक वर्षं सहन करत आलात, आज आणखी थोडं करा.

तुमची अट मी विसरलेलो नाही. कशी विसरेन? दुकानात, नव्या गादीवर मांडी घालून, हातातली दाभणासारखी सुई माझ्या नाकासमोर नाचवत तुम्ही म्हणाला होतात की या मोसमात पोराचा ठोसा टीव्हीवर दिसला तर तो बॉक्सर, नाहीतर मुकाट्याने दुकानात बसून गाद्या भरेल. (खरं तर त्याच्या ठोशाला जोर आला तो तुमच्याच दुकानात, उन्हात टाकलेल्या गाद्या झोडपून झोडपून. पण हे बोललो की तुम्ही चिडता, म्हणून कंसात लिहिलं.) बारक्या तेव्हा फक्त मान डोलावून 'बरं बाबा' म्हणाला. एवढा आडवातिडवा हेवीवेट गडी, दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागतात, पण तुमच्यापुढे त्याचा आवाज पहिलीतल्या पोरासारखा होतो.

तर आम्ही टीव्हीच्या मागे लागलो. भावोजी, या खेळात माणूस कितीही जोरात मारो, कॅमेऱ्यासमोर मारला नाही तर तो मारलाच नाही असं धरतात. क्रीडावाहिनीच्या बाई म्हणाल्या, लढत दाखवू, पण आधी आमच्या कार्यक्रमात ठोसा मोजून घ्या. त्यांच्याकडे ठोशाची ताकद मोजायचं यंत्र आहे: लोखंडी खांबावर एक गुबगुबीत उशी आणि वर मोठा आकडा. शेजारी चष्मेवाले एक तज्ज्ञ उभे. ठोसा हातातून येत नाही, टाचेतून निघतो, कमरेत वळतो आणि खांद्यातून बाहेर पडतो, असं त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की मीसुद्धा खुर्चीतल्या खुर्चीत टाच उचलली आणि पुढे बसलेल्या मेकअपवाल्याला लाथ बसली.

मग बारक्याला बोलावलं. थेट प्रक्षेपण. सगळे श्वास रोखून. आणि आपला गुणी बाळ काय करतो? रिंगमध्ये लढत सुरू होण्याआधी समोरच्याच्या ग्लोव्हला ग्लोव्ह लावायची रीत आहे ना, मान द्यायची? मीच त्याला लहानपणापासून ती घोटून शिकवली. त्याने यंत्राला मान दिला! पुढे झाला, उशीला हळूच ग्लोव्ह टेकवला, किंचित वाकला आणि मागे सरकून पवित्रा घेतला. यंत्राला शिष्टाचार कुठून कळणार? त्याने पहिला स्पर्श मोजला आणि आकडा लावला: अकरा. हजारापैकी. त्यानंतर बारक्याने जो खरा ठोसा हाणला त्याने उशी फुटली, आतला स्पंज तज्ज्ञांच्या चष्म्यावर बसला, पण आकडा अकराच. यंत्र एकाच ठोशाचं होतं. प्रक्षेपण संपल्यावर गंमत म्हणून मेकअपवाल्याने त्यांच्याकडच्या दुसऱ्या यंत्रावर ठोसा मारून पाहिला, तर त्याचा आकडा आला चौऱ्याहत्तर. (माझी लाथ खाऊनसुद्धा.)

दुसऱ्या दिवसापर्यंत ती चित्रफीत जिकडेतिकडे. बारक्याचं नाव पडलं 'मखमली मूठ'. बसमध्ये लोक त्याच्यासमोर गाल पुढे करायचे, म्हणे, 'जरा घाम पुसून दे.' वाहिनीच्या बाईंनी फोन उचलणं बंद केलं. मी तर हाय खाल्ली होती. आणि अशा वेळी आमच्या मदतीला जो माणूस धावून आला त्याचं वर्णन करायच्या आधी, भावोजी, तुम्ही बसून घ्या. पाणी प्या. ताईला जवळ बोलवा.

तो स्प्रिंगवाला.

होय, तोच. तुमच्या दुकानासमोर फलक लावून 'कापसाचे दिवस गेले' असं लिहिणारा. तो म्हणाला, लढतीचा खर्च माझा, वाहिनीला मी पटवतो, फक्त माझ्या गादीची एक जाहिरात करा. बारक्या आधी नाहीच म्हणाला. 'मामा, बाबांना काय वाटेल?' एवढं एकच वाक्य तो संध्याकाळभर म्हणत होता. मी त्याला समजावलं की जाहिरात नाही तर लढत नाही, आणि लढत नाही तर तसाही तू गाद्यांतच जाणार. त्यामुळे जे काही पाप आहे ते माझ्या डोक्यावर. जाहिरातीत बारक्या गादीवर ठोसा मारतो आणि गादीला काहीच होत नाही. (गादीमागे मी आहे, धरून. माझा एक बूट दिसतो. ठोसा गादीला लागला नाही हे खरं आहे, कारण तो पूर्णच्या पूर्ण मला लागला.)

लढतीच्या दिवशी सभागृह खचाखच. सगळे आले होते हसायला. समोर बुलडोझर, ज्याच्याशी लढायला दोघांनी आयत्या वेळी नकार दिला होता. दोघे रिंगमध्ये उभे, ओळख झाली आणि वाहिनीने घंटा वाजायच्या आधी जाहिराती लावल्या. सभागृहातल्या भल्यामोठ्या पडद्यावरही त्याच. आता ठरलं असं होतं की जाहिराती संपल्या की वाहिनी खूण करणार आणि मगच घंटा वाजणार. पण आमचा घंटेवाला जुन्या वळणाचा माणूस, तो घड्याळाकडे बघतो, बाकी कुणाकडेही बघत नाही. वेळ झाली, त्याने घंटा वाजवली. त्याच क्षणी पडद्यावर बारक्याची जाहिरात लागली.

सगळं सभागृह माना वर करून ती बघत होतं. हशा, शिट्ट्या, टाळ्या. ज्यांच्या हातात फोन होते त्यांचे फोनसुद्धा पडद्याकडे. वाहिनीचे कॅमेरे खाली, बाईंचे केस विंचरणं चालू. रेफ्रीची मानही वर. आणि मी, बारक्याचा गुरू, सख्खा मामा, मी शेजारच्याला कोपर मारून सांगत होतो, 'तो बूट माझा!' मागच्या बाजूने कुणीतरी काहीतरी ओरडलं, मग रिंगमध्ये धप्प असा आवाज झाला, की आधी धप्प झालं आणि मग ओरडणं, कोण सांगणार. मी खाली बघितलं तर बुलडोझर उताणा आणि बारक्या कोपऱ्यात जाऊन शहाण्यासारखा उभा. रेफ्रीने एकंदर परिस्थिती पाहून अंदाजाने मोजायला सुरुवात केली.

बारक्याला विचारलं तर तो म्हणाला, 'मी ग्लोव्ह लावला, मामा. त्याने लावला नाही, हसत हसत हनुवटी पुढे करून आला. म्हणून मारला.' अकराच्या आकड्यावर विश्वास ठेवून आला होता बिचारा. पण शुद्धीवर आल्यावर त्याच्या लोकांनी कांगावा सुरू केला की ठोसा वगैरे काही नाही, बारक्याच्या कोपऱ्यात सांडलेल्या पाण्यावरून तो घसरला. (पाणी मी सांडलं होतं, हे दुर्दैवाने सगळ्यांनी पाहिलं.) येत्या शनिवारी समिती बसणार आहे. ते म्हणतात, ठोसा डोळ्यांनी पाहिलेला एक तरी माणूस आणा, नाहीतर लढत रद्द. एवढ्या मोठ्या सभागृहात एकही माणूस मिळत नाही, भावोजी. ज्याला विचारावं तो जाहिरात छान होती म्हणतो.

आणि टीव्हीवर ठोसा दिसला नाही, हे बारक्याला पक्कं ठाऊक आहे. शब्दाला तो तुमच्यावर गेलाय. लढत रद्द झाली की निघायचं म्हणून पिशवी भरून बसलाय. ग्लोव्हज त्यात ठेवले नाहीत, माझ्या खुंटीला टांगलेत. ते बघून मला रडू आलं, हे मी मुद्दाम कंसाबाहेर लिहितो.

असो. ताईने खोकल्याचं औषध वेळेवर घ्यावं. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही उरावा.

तुमचा,
उपटसुंभ

ता. क. सभागृहाचा दारवान काल तक्रार घेऊन आला. शेवटच्या रांगेत एक गृहस्थ बसले होते म्हणे, मफलरने तोंड गुंडाळून. बसण्याआधी त्यांनी खुर्चीची गादी अंगठ्याने दाबली, मग शिवण उसवून आत बोट घातलं आणि दारवानाला सुनावलं, 'भुसा भरलाय, लाज वाटत नाही?' एका पायाने लंगडत होते. स्प्रिंगच्या गादीची जाहिरात लागल्यावर सगळ्यांनी माना वर केल्या, तेव्हा याच एका माणसाने पडद्याकडून रागाने तोंड फिरवलं आणि रिंगकडे बघत बसला, असं दारवान म्हणतो.

ता. क. २. ओरडणारा काय ओरडला तेही त्याने ऐकलं होतं. 'शाब्बास रे बारक्या!' भावोजी, बाहेर त्याला सगळे मखमली मूठ म्हणतात. बारक्या हे नाव आपल्या घराबाहेर कुणालाही माहीत नाही.

ता. क. ३. तर शनिवारी सकाळी समितीपुढे या. काय पाहिलंत तेवढंच सांगा. तिथल्या खुर्च्याही भुशाच्याच असतील, पण त्या दिवसापुरता अंगठा खिशात ठेवा. बारक्या मला रोज विचारतो, 'बाबांनी टीव्हीवर लढत तरी पाहिली का?' मी रोज 'नाही' म्हणतो, आणि ते खोटंही नाही. तुम्ही आला होतात हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. ते तुम्हीच सांगा.