भाषांच्या कुळावरून अडलेली सोयरीक

तीर्थस्वरूप देविदासमामांना उमरीहून सुदर्शनचा वाकून नमस्कार.

इस्लापूरच्या चढाला तुमचा गुडघा काय म्हणून राहिला? मामींचा खोकला उतरला असंल. फोन लावला की तुमच्याकडची रेंज जंगलात निघून जाते, म्हणून हे पत्र. इकडं सगळे मजेत (आईसुद्धा, पण ती मान्य करत नाही).

मागच्या रविवारी मुलगी पाहायला औराद शहाजानीला गेलो होतो. नाव उज्वला, तिकडंच शाळेत गणित शिकवते. मला ती चहाचा ट्रे ठेवायच्या आधीच पसंत पडली, म्हणजे गप्प बसलो असतो तर काम फत्ते होतं. पण तिचे वडील रेवणसिद्धप्पा (तहसीलीतून निवृत्त) यांनी विचारलं, नांदेडच्या कॉलेजात तुम्ही नेमकं शिकवता काय? झालं. मी सुरू झालो. म्हटलं, हजारो वर्षांपूर्वी, बहुधा काळ्या समुद्राच्या वरच्या गवताळ मुलखात, लोक एक भाषा बोलत. संस्कृत, आपली मराठी, फारसी, ग्रीक, रशियन, इंग्रजी हा सगळा तिचाच वंशविस्तार. पण तिच्यातलं एक अक्षरही लिहिलेलं सापडलेलं नाही. रेवणसिद्धप्पा सरसावून बसले. कागद नसताना वारस कसे लावले, हा त्यांचा सवाल. मी म्हटलं, तोंडवळ्यावरून. आपलं नाव, फारसीत नाम, इंग्रजीत नेम. एखादा शब्द योगायोगानंही जुळतो, पण आवाजांचे बदल शब्दामागून शब्दात एकाच नेमानं होत गेलेले दिसले की नातं नाकारता येत नाही. त्यांनी मान डोलावली आणि मी आणखी चढलो.

उज्वलाची आजी गौरम्मा बाजूला बसून विडे करत होत्या. त्या घरात आपसात कानडी चालते. त्यांनी विचारलं, "रशियावाली तुमची बहीण, आन् आमची कानडी कोण?" मी (गाढव) खरं बोललो. तिचं कूळ वेगळं, द्राविडी. मराठीशी रक्ताचं नातं नाही. बैठक गार पडली. गौरम्मा तबक उचलून आत गेल्या, आईनं मला चिमटा काढला आणि रेवणसिद्धप्पा म्हणाले, कळवतो. (या शब्दाचा अर्थ कुठल्याच भाषाकुळात चांगला नाही.)

पण पानं वाढली होती, तसंच उठून कसं जाणार? पोळीवर तूप वाढायला गौरम्माच आल्या, माझ्याकडं न बघता. मी म्हणालो, "आजी, हे तूप तुमचं."

"मग काय, घरच्याच म्हशीचं हाय."

"तसं न्हाई. शब्द तुमचा. कानडी तुप्प, तेच आमचं तूप. अक्का तुमची, अण्णाबी तुमचा. रशियावाली कुठली का बहीण असंना, कधी दारात आली न्हाई. आमच्या सैपाकघरात वावरली ती तुमची कानडी."

गौरम्मांनी आता कुठं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "रक्ताचं नातं न्हाई म्हणूनच तर सोयरीक जमती, लेकरा." आणि वाटी पोळीवर पालथीच केली. दाराआड उज्वला हसली ते सगळ्यांना ऐकू गेलं. काल होकार आला. मामींना घेऊन सुपारीला याच.

तुमचा भाचा,
सुदर्शन

ता. क. त्या तुपाच्या भरात गौरम्मांनी विचारलं, कानडी येते का, आणि मी हाव म्हणून बसलो. आता लग्नात त्यांना माझ्या तोंडून कानडी उखाणा ऐकायचाय. हाळीच्या बैलबाजारात तुम्ही इतकी वर्षं कानडी बोललात, तर एक उखाणा देवनागरीत लिहून लगोलग पाठवा. पत्र खरं तर यासाठीच.

आणखी ता. क. आई म्हणते, तुमची कानडी सौद्यापुरतीच आहे. तेव्हा पाठवण्याआधी अर्थ सांगून मामींना दाखवा. उखाण्यात उज्वलाचे दात मोजलेले निघाले तर मोडेल लग्न.